मदत हवी आहे: स्टीअरिंग लॉक सुटत नाही, गाडी स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) अडकली आहे (ठाणे)

निळी_दोनदारी

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचायला यायचे, आज अडकलेय म्हणून लिहितेय.

गाडी २०११ ची जपानी, दोन दारं, दोन सीट, मॅन्युअल गिअर, बटण स्टार्ट. मी तिसरी मालकीण. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चौथ्या प्रतिसादापासून धागा "ही घ्यायलाच नको होती" वर जातो, आणि ते ऐकवायला घरी आई आहे.

पाऊस सुरू झाल्यापासून गाडी जवळजवळ उभीच होती. इतकी खाली बसलेली गाडी जुलैमध्ये घोडबंदर रोडवर घालायची माझी हिंमत नाही. रविवारी उघडीप दिसली म्हणून उपवनपर्यंत चक्कर मारावी म्हटलं. क्लच दाबला, बटण दाबलं. डॅशवर पिवळी किल्ली लुकलुकली आणि पुढे काहीच नाही. एरवी बटण दाबलं की आधी स्टीअरिंगच्या खालून 'खर्र-टक' असा आवाज येतो, प्रिंटर कागद ओढतो ना तसा, आणि मग स्टार्टर फिरतो. तो खर्र-टक आलाच नाही. स्टीअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलतं आणि ठक्कन अडतं.

खरी पंचाईत पुढे आहे. गाडी लॉक झाली तेव्हा पुढची चाकं उजवीकडे वळलेली होती, आणि उजवीकडे वीतभर अंतरावर खांब आहे. न्यूट्रलला टाकून ढकलली तर सरळ खांबावर जाते. सोसायटीचा गणपती नेमका याच जागेत बसतो. बारा दिवस राहिलेत. सेक्रेटरी काकांनी काल जिन्यात विचारलं, "मग मूर्ती बॉनेटवर बसवायची का?" विनोद होता की नोटीस, कळलं नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. लॉक सुटं मिळत नाही, अख्खी असेंब्ली बाहेरून मागवावी लागेल, दोन महिने, लाख-दीड लाख धरून चला, आणि "आधी गाडी इकडे घेऊन या". घेऊन येता आली असती तर फोन कशाला केला असता?

तर, गाडी इथून हलवायची कशी? आणि हे लॉक दुरुस्त होतं, की कायमचं बंद करून टाकतात?

चौदा_नंबर_बस

दादा, आधी बॅटरी बघ. दिवे लागतात, रिमोट चालतो म्हणजे बॅटरी ठीक असं समजू नकोस. आत एक मोटर आहे आणि तिला एकदम करंट लागतो. मल्टिमीटर लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर निकाल लागला. आणि मीटर लावलेला असतानाच कुणाला तरी बटण दाबायला सांग, आकडा किती पडतो ते बघ. स्पोर्ट्स कारच्या निम्म्या तक्रारी या इथेच संपतात. उभ्या असतात महिना-महिना, अलार्म आणि रिमोटचा रिसीव्हर मात्र चोवीस तास बॅटरी चाटत असतो.

निळी_दोनदारी

ताई म्हणा, चालेल. :)

११.८ दाखवतेय, म्हणजे पन्नास टक्के दोष माझाच. शेजारच्या दादांच्या गाडीवरून केबल लावली, पाऊण तास चार्ज होऊ दिली. आता १२.५ आहे. पिवळी किल्ली लुकलुकते, पण खर्र-टक नाहीच. बटण दाबल्यावर आकडा जेमतेम हलतो.

चौदा_नंबर_बस

माफ करा ताई. आकडा हलत नाही म्हणजे मोटर करंट घेतच नाहीये. आता वागळे साहेबांची वाट बघा, ते रात्री येतात इकडे.

वागळे_इस्टेटवाला

आलो. ताई, आधी एक गोष्ट. स्टीअरिंगला जोर लावू नका. लोक दोघं-दोघं लटकतात त्याला. आतली पिन वाकली तर आज हजारांत होणारं काम उद्या लाखात जाईल.

हे लॉक आत कसं असतं ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. जुन्या गाडीत किल्ली फिरवली की किल्लीच लोखंडी पिन मागे ओढायची. बटण स्टार्ट आल्यावर किल्लीचं भोकच गेलं. मग पिन ओढायला एक छोटी डीसी मोटर बसवली, खेळण्यातल्या गाडीत असते तेवढीच. मोटरवर वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा), गिअरवर पिन, आणि पिन आत आहे की बाहेर हे सांगायला स्विच किंवा सेन्सर. तुम्ही बटण दाबता, गाडीचा कॉम्प्युटर लॉकला सांगतो "सूट", मोटर सेकंदभर फिरते, पिन मागे जाते, सेन्सर कळवतो "सुटलो", आणि मगच स्टार्टरला परवानगी मिळते. तुमचा खर्र म्हणजे मोटर आणि टक म्हणजे पिन.

"सुटलो" हा निरोप आला नाही तर कॉम्प्युटर इंजिन चालू होऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे. स्टीअरिंग अडकलेलं आणि इंजिन चालू, ही जोडी कुणालाच नको. त्याच भीतीपोटी लॉक सुटल्यावर मोटरची वीज तोडून ठेवतात, म्हणजे चालत्या गाडीत पिन परत बसू नये.

मोटर का मरते? आत दोन कार्बन ब्रश असतात, फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे, ते झिजतात. झिजलेला कार्बन पूड होऊन आतच साचतो. ग्रीस सुकतं. त्यात आपल्याकडचा दमटपणा. आणि एक कारण लोक विसरतात. चाकं वळलेल्या अवस्थेत गाडी बंद केली की टायरचा पीळ पिनवर बसतो. दर वेळी मोटरला ती दाबलेली पिन ओढावी लागते. रुंद टायरच्या गाडीत पीळ जास्त. तुमची खांबाशेजारची जागा बघता हे रोजचंच असणार.

आता हे करून बघा, माणसं दोन लागतील. तुम्ही ड्रायव्हरच्या पायाशी आडव्या व्हा, स्टीअरिंगच्या दांड्यावर वरच्या बाजूला काळा चौकोनी डबा दिसेल, साबणाच्या वडीएवढा. दुसऱ्याने स्टीअरिंग हलक्या हाताने मोकळ्या जागेच्या मधोमध धरायचं, म्हणजे पिनवर दाब राहणार नाही, आणि बटण दाबायचं. क्लच दाबायची गरज नाही, नुसतं बटण दाबलं तरी लॉक सुटायचा हुकूम जातो. बटण दाबलं त्याच क्षणी तुम्ही डब्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. दणका नको, दारावर टकटक करतो तसं. ब्रश हलून कधीकधी पुन्हा टेकतो आणि मोटर एखादी फेरी देते. तेवढी एकच फेरी पुरते.

पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना आणि पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही. ती एअरबॅगची लाइन आहे. पुढे कधी हा भाग खोलायची वेळ आली तर आधी बॅटरी काढून दहा मिनिटं थांबायचं, मगच पाना हातात घ्यायचा.

फ्यूजकाढ्या

एवढं पुराण कशाला? लॉकचा फ्यूज काढून फेका, झालं काम. मी चार गाड्यांचे काढलेत.

वागळे_इस्टेटवाला

साहेब, अर्धवट सांगून लोकांना खड्ड्यात घालू नका. फ्यूज काढायचा तो लॉक सुटलेलं असताना. आत्ता काढलात तर अडकलेलं लॉक आणखीच अडकेल, मोटरला वीजच राहणार नाही. आणि सगळ्या गाड्यांत हे चालत नाही. काही गाड्यांचा कॉम्प्युटर शेवटची माहिती "सुटलेलं" हीच धरून बसतो आणि खुशाल चालू होतो. काही गाड्या लॉककडून दर वेळी उत्तर मागतात, नाही आलं तर चालूच होत नाहीत. जर्मन गाड्यांत बहुतेकदा दुसरा प्रकार. तिथे इम्युलेटर नावाची डबी लावतात, ती लॉकच्या वतीने खोटंच "सुटलो" म्हणत बसते.

फ्यूजकाढ्या

बरं बरं. सुटलेलं असताना. तेच म्हणायचं होतं.

परत_आलेला_पाचपाखाडीकर

या विषयावर माझी जुनी जखम आहे. अमेरिकेत असताना मित्राकडे पाचव्या पिढीची कॉर्व्हेट, म्हणजे तिकडची स्पोर्ट्स कार, होती, १९९७ ते २००४ मध्ये आलेली. त्या गाड्यांचं हेच दुखणं इतकं गाजलं की २००४ मध्ये त्यासाठी रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीनेच गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. गंमत म्हणजे कॉर्व्हेटचं इंजिन लॉक अडकलेलं असतानाही चालू व्हायचं. डॅशवर "सर्व्हिस कॉलम लॉक" असं यायचं, आणि गाडी हलवून थोडा वेग घेतला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडायचा. म्हणजे ड्राइव्ह-वेमधून निघून रस्त्याच्या तोंडाशी मरण! लोक लॉक बायपासची डबी विकत घेऊन बसवायचे. तिकडे स्टीअरिंग लॉकच हवं अशी सक्ती नाही. किल्ली काढल्यावर एक तर स्टीअरिंग अडलं पाहिजे, नाहीतर गाडी आपल्या ताकदीवर पुढे जाता कामा नये, दोन्हीपैकी एक पुरतं. युरोपचे नियम वेगळे.

ताई, गाडी टोचन करून न्यायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा. स्टीअरिंग अडकलेली गाडी दोरी लावून ओढत नाहीत. गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, फ्लॅटबेडच लागतो, आणि तो तुमच्या स्टिल्टमध्ये शिरणार नाही. चाकाखाली सरकवायच्या छोट्या चार चाकी ट्रॉल्या मिळतात. टायर दोन बाजूंनी चिमटीत धरून उचलतात. चारही चाकांखाली चार घातल्या की गाडी खेकड्यासारखी आडवी सरकते. तिकडे मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

निळी_दोनदारी

खूप खूप आभार सगळ्यांचे. ट्रॉलीवाले मिळाले, कापूरबावडीजवळ. शनिवारी येतो म्हणाले. फक्त स्टिल्टची फरशी खडबडीत आहे म्हणून थोडे का-कू करताहेत.

ठोकायचा प्रयोग आज रात्री करते. दुसरा माणूस म्हणून घरात आईच आहे.

विम्यात_केस_पांढरे

मध्येच घुसतो. लॉक कायमचं बंद करायचा विचार असेल तर विमा कंपनीला आधी एक मेल टाकून ठेवा, फोन नको. उद्या गाडी चोरीला गेली तर सर्व्हेअर पहिल्यांदा दोन्ही चाव्या मागतो, दुसऱ्यांदा विचारतो की गाडीत मूळची कुठली सुरक्षा यंत्रणा काढली होती का. त्या वेळी गॅरेजवाला पुढे येऊन बोलणार नाही. स्टीअरिंग लॉक वेगळं आणि इमोबिलायझर वेगळा, हेही मेलमध्ये स्पष्ट लिहा. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होणं हे इमोबिलायझरचं काम, ते फ्यूज काढल्यावरही शाबूत राहतं. एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर प्रीमियममध्ये सूट मिळायची जुनी तरतूद आहे, ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमच्या, अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. त्या पाचशेसाठी कुणी काही बसवत नाही, पण पॉलिसीवर ती सूट घेतलेली असेल आणि उपकरण बंद असेल तर वांधा होतो. पॉलिसीची दुसरी पानं वाचा. कुणीच वाचत नाही.

निळी_दोनदारी

सुटलं!!!

सविस्तर लिहिते, कारण अजून हात थरथरताहेत.

रात्री साडेदहा. स्टिल्टमध्ये एकच ट्यूब, तीही फडफडणारी. मी ड्रायव्हरच्या बाजूने उलटी, डोकं पेडलांशी, पाय दाराबाहेर. मोबाइलचा टॉर्च दातांत. आई डाव्या सीटवर पदर खोचून, एका हाताने स्टीअरिंग मधोमध धरलेलं, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर. या गाडीत ती दोन वर्षांत आज दुसऱ्यांदा बसली. डबा सापडायलाच वीस मिनिटं गेली. साबणाची वडी म्हणालात, माझ्या गाडीत ती प्लॅस्टिकच्या झाकणामागे लपलीय.

पहिले आठ-दहा वेळा काही नाही. आई बटण दाबते, मी टकटक करते, पिवळी किल्ली लुकलुकते. वॉचमन दादा येऊन बघून गेले, माझे बाहेर आलेले पाय बघून काही बोलले नाहीत. मग आई म्हणाली, "तू माझ्या आधी ठोकतेयस. मी 'हं' म्हणते, मग ठोक." खरंच होतं. मी घाईत पुढेच जात होते. तिच्या तिसऱ्या "हं" ला खालून खर्र आला, अडखळत, म्हातारा खोकतो तसा. आणि मग टक.

बाहेर येताना डोकं आपटलं. गाडी चालू करून खांबापासून मागे घेतली, चाकं सरळ केली, आणि बंद न करता इथे लिहितेय. आता बंद केली की दार उघडताच लॉक पुन्हा बसणार. काय करू? स्टिल्टमध्ये धूर भरतोय.

वागळे_इस्टेटवाला

अभिनंदन, आईंना नमस्कार सांगा. आधी गाडी उघड्यावर घ्या, बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. मग इंजिन चालू असतानाच फ्यूज काढायचा. पायाशी फ्यूजबॉक्स असेल, झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता. त्यात स्टीअरिंग लॉकची स्वतंत्र ओळ शोधा. त्याच फ्यूजवर आणखी काही असेल तर काढू नका, मला फोटो पाठवा. काढल्यावर बंद करा, दार उघडा, खर्र येतो का ऐका. मग पुन्हा चालू करून बघा. न झाली तर घाबरू नका. फ्यूज परत लावा आणि आईंना बोलवा.

निळी_दोनदारी

गेटजवळ घेतली. स्वतंत्र फ्यूज आहे, १० अँपिअरचा लाल. चिमट्याने काढला. बंद केली, दार उघडलं, शांतता. स्टीअरिंग मोकळं. पुन्हा बटण दाबलं, पहिल्या फटक्यात चालू! पिवळी किल्ली आधी लुकलुकायची, आता स्थिर पेटून राहते, पण गाडी चालते.

आई वर जाताना म्हणाली, "एवढ्याशा तांबड्या तुकड्यासाठी दीड लाख मागत होते?"

फ्यूजकाढ्या

मी काय म्हणत होतो.

चौदा_नंबर_बस

गप रे.

निळी_दोनदारी

चार दिवसांनी लिहितेय. गाडी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात नेली होती (आपल्या वागळे साहेबांचं नव्हे, ते स्वतःची जाहिरात करत नाहीत म्हणाले). लॉक दांड्यावर ज्या बोल्टनी बसवलंय त्यांना डोकीच नाहीत. बसवतानाच डोकं तुटावं असे ते बनवतात, म्हणजे चोराला पाना लावता येऊ नये. मिस्त्रींनी त्यात ड्रिल मारून उलटे फिरवून काढले, दोन तास गेले.

डबा उघडला तेव्हा मी शेजारी उभी होते. मोटर खरोखर अंगठ्याएवढी. झाकण काढलं तर काळी भुकटी, तव्याखालच्या काजळीसारखी, बोटाला तेलकट लागणारी. दोन ब्रशांपैकी एक ठीक, दुसरा नखाच्या कोरीएवढा उरलेला, तोही तिरका झिजलेला. मिस्त्री म्हणाले, पीळ एकाच बाजूने बसत आला असणार. खांबाकडे चाकं वळवून लावायची माझी दोन वर्षांची सवय त्या ब्रशवर लिहिलेली होती.

तेवढ्याच मापाची मोटर मुंबईच्या लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून मागवली, गिअर धुऊन नवं ग्रीस, टेबलावर वीज देऊन तीस-चाळीस वेळा आत-बाहेर केलं. सगळं मिळून साडेसहा हजार.

आता लॉक चांगलं झालंय, फ्यूज मात्र अजून माझ्या पर्समध्ये आहे. मिस्त्री म्हणतात लावा. मला धीर होत नाही. कुलूप बिघडलं तर ते उघडं राहावं, हे बंद राहतं, आणि तेही मी लोणावळ्याला असताना नेमकं. त्यापेक्षा गिअरला लावायचं लोखंडी कुलूप घेतलंय. विमा कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलेलं नाही. गाडी सध्या गेटबाहेर उभी आहे, चाकं सरळ, आणि तिच्या जागेवर मांडवाचे बांबू पडलेत.

साहेब, फ्यूज न लावता चालवत राहिले तर पुढे काही त्रास?

वागळे_इस्टेटवाला

तुमच्या गाडीत नाही. मी असतो तर लावला असता, नवी मोटर सात-आठ वर्षं काढेल. पण गाडी तुमची, झोप तुमची.

फक्त फ्यूजची जागा नुसती रिकामी सोडू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला एखादा भला पोरगा "मॅडम, फ्यूज पडला होता, लावून दिला" म्हणेल, आणि ते कळायच्या आत गाडी धुऊन, चाकं वळवून कोपऱ्यात लावलेली असेल. तिथे कागदाची पट्टी चिकटवा.

निळी_दोनदारी

चिकटवली. आईच्या अक्षरात आहे: "इथे काही लावू नये."